पाळकबाबांचा उजवा हात

सगळ्यात वाईट म्हणजे आमेन तिनंही म्हटलं होतं.

बाकीच्यांनी म्हटलं ते समजण्यासारखं होतं. त्या घरात पाळकबाबांची प्रार्थना संपली की आमेन आपोआप तोंडातून सुटायचं, ठेच लागल्यावर 'आई गं' सुटावं तसं. त्याचा कोणी विचार करत नसे. पण ही तर आई होती. लेक हिच्याच मांडीवर होती, आणि सासऱ्यांच्या तोंडून काय बाहेर पडतंय हे तिला तिसऱ्या वाक्यालाच कळलं होतं. तरी शेवटी सगळ्यांच्या आवाजात तिचाही आवाज मिसळला, आणि मिसळलेला आवाज वेचून परत काढता येत नाही.

पाळकबाबा म्हणजे तिचे सासरे. चर्चच्या सेवेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण मंडळीतल्या जवळजवळ प्रत्येकाचा बाप्तिस्मा नाहीतर लग्न त्यांच्या हातचं, त्यामुळे हे नाव त्यांना कायमचं चिकटलं होतं. घरातले नातेवाईकही त्यांना त्याच नावानं हाक मारत. अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं, पण घरात सगळे 'बाबांचा विसर' म्हणत, जणू तो त्यांच्यासोबत राहायला आलेला कोणी लांबचा भाऊबंद होता. सकाळी दाढी झाली की थोडा वेळ ते ताळ्यावर असत. मग चहात बुडवलेलं बिस्कीट बाहेर काढायचं राहून जाई, आणि सुनेला ते कधी 'सिस्टर' म्हणत, कधी 'अहो बाई', आणि एकदा तर त्यांनी तिला मोठ्या आदबीनं विचारलं होतं की या खानावळीत जेवण किती वाजता वाढतात.

या घराची एक रीत होती. बाप्तिस्मा चर्चमध्ये व्हायचा, तो सगळ्यांचाच होतो. पण त्याखेरीज घरात जन्मलेलं प्रत्येक मूल पाळकबाबांच्या खुर्चीपाशी नेलं जाई. ते डोळे मिटून त्याच्या डोक्यावर उजवा हात ठेवत, आणि आत्मा जे सुचवील ते एक दान त्याच्यासाठी मागत. एकच. ते दान त्या मुलाला लाभतं, अशी घरात सगळ्यांची खात्री होती. थोरल्या दिरांच्या मुलाला गळा मिळाला होता, आणि तो खरोखरच छान गात असे. त्याच्या बहिणीला ऐकून घेण्याचं दान मिळालं होतं. ती दिवसभर चुरूचुरू बोलत असे आणि कोणाचं अर्धं वाक्यही ऐकून घेत नसे, त्यावर जाऊबाई म्हणत की तिचं दान निघालंय वरून, अजून वाटेत आहे. तिच्या स्वतःच्या नवऱ्याला लहानपणी मिळाला होता धीर. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून देई. एकेक भिंग हातात घेऊन तासभर बसलेला असला की सासूबाई कौतुकानं म्हणत, बघ, उगीच नाही मिळत. तिला मात्र घाई असली, नवरा बुटाची नाडी सोडवत शांतपणे बसलेला असला, की त्या दानाचा मनातल्या मनात राग यायचा.

रीतीत आणखी एक नियम होता. आशीर्वाद एकदाच. पुन्हा मागायचा नाही, पुन्हा द्यायचा नाही. पाळकबाबा ताळ्यावर असताना सांगत, की देवाला दुसऱ्यांदा हाक मारली तर पहिली त्याला ऐकू गेली नाही असं आपणच म्हटल्यासारखं होतं.

तिची लेक या रीतीला उशिरा सापडली. जन्मली तीच मुळी वेळेआधी, मूठभर. पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत गेले. घरी आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या पडद्याला बारीकसं छिद्र आहे. अशी पुष्कळ छिद्रं आपोआप बुजतात. काही नाही बुजत. मग काय करायचं, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, वाट बघायची. वजनावर लक्ष ठेवा, ओठ निळे पडतायत का बघा, सर्दीपासून जपा, पुढच्या तपासणीला या. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली होती. हाताच्या तळव्यावर काय काय वस्ती करून असतं ते तिनं स्वतः काचेच्या बशीत वाढवून पाहिलं होतं. त्यामुळे जपा म्हटल्यावर तिनं असं काही जपलं की घरातले लोक दबकून राहू लागले. दारातच साबण. बाहेरून आल्यावर कपडे बदलल्याशिवाय बाळाला हात नाही. मुके घेणं बंद. बाळाचं नाव घरात 'चिमटी' पडलं होतं, आणि दीर म्हणायचे, चिमटीला भेटायचं म्हणजे ऑपरेशन करायला गेल्यासारखं कोपरापर्यंत धुवावं लागतं. पाळकबाबांना तर बारमाही खोकला. आशीर्वादाचं काढलं की ती म्हणे, जरा त्यांचा खोकला उतरू दे, जरा हिचं वजन वाढू दे. सासूबाईंनी कधी जोर केला नाही. पण पाळकबाबांचा विसर वाढत होता, आणि ते सगळे बघत होते.

शेवटी तिलाच भीती वाटली. म्हणजे आशीर्वादावर तिचा किती विश्वास होता, हे तिला कोणी विचारलं असतं तर सरळ उत्तर देता आलं नसतं. तिच्या माहेरी देव रविवारपुरता असे. पण लेकीच्या छातीला कान लावला की आत धडधडीच्या मागे एक बारीकशी फुसफुस ऐकू यायची, फुग्याचं तोंड नीट बांधलं नाही तर येते तशी, आणि ती ऐकताना मायक्रोस्कोप, बशा, पुस्तकं, काही म्हणता काही उपयोगाचं उरत नसे. जो हात ती इतके महिने लांब ठेवत आली होती, तोच आता तिला हवासा झाला.

तो रविवार चांगला उजाडला होता. उपासना करून सगळे घरी आले, दीर-जाऊबाई मुलांना घेऊन आले. पाळकबाबांची दाढी झाली होती, कोट घातला होता. त्यांनी थोरल्या नातवाला बरोबर ओळखलं, नावानिशी. सासूबाईंनी तिला खूण केली. तिनं स्वतः त्यांचा उजवा हात कोमट पाण्यानं आणि साबणानं धुतला, नखांच्या कडांपर्यंत, आणि स्वच्छ टॉवेलनं टिपला. मग लेकीला मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

हात डोक्यावर आला. मोठा, जड, उबदार हात. चिमटीचं सगळं डोकं त्याखाली झाकलं गेलं. पाळकबाबांनी डोळे मिटले आणि त्यांचा जुना आवाज आला, व्यासपीठावरचा, जो कित्येक महिन्यांत कोणी ऐकला नव्हता. जाऊबाईंच्या डोळ्यांत तेवढ्यानंच पाणी आलं.

आमची ही प्रिय भगिनी, असं ते म्हणाले. एवढ्याशा जिवाला भगिनी म्हटलेलं ऐकून नवरा गालातल्या गालात हसला. हिची धाव संपली, असं ते म्हणाले. हसू जागच्या जागी थिजलं. आणि मग पुढचं, सलग, एकही शब्द न अडखळता. हिचा देह आम्ही भूमीच्या स्वाधीन करतो. जे मातीतून आलं ते मातीत, आणि उरलेलं तुझ्या हाती, त्या शेवटच्या दिवशी तू हिला उठवशील या आशेनं. डोक्यावरचा हात उचलला गेला, त्याची मूठ झाली, आणि बाळाच्या पोटावर ती मूठ तीनदा हलकेच उघडली, माती सोडावी तशी. रिकामी मूठ. चिमटीला वाटलं काहीतरी खेळ आहे. तिनं पाय झाडले.

कोणी थांबवलं नाही. त्या खोलीत पाळकबाबांना मध्येच थांबवण्याची कोणाला सवयच नव्हती. प्रार्थना संपली, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं.

मग पाळकबाबांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय मायेनं म्हणाले, "धीर धरा, बाई."

त्यानंतरच्या दिवसांत प्रत्येकानं तिची आपापल्या परीनं समजूत घातली. नवरा म्हणाला, अगं, बाबांच्या डोक्यात सगळे कागद एकत्र झालेत, हाताला आला तो वाचला. उद्या लग्नाचा वाचतील आणि चिमटीचं माझ्याशी लग्न लावतील. ती हसली नाही, तेव्हा त्यानं वाकून चिमटीच्या छातीला कान लावला, आणि तिला कळलं की तोही घाबरलाय. जाऊबाई फोनवर इकडचं तिकडचं बोलत आणि शेवटी हळूच विचारत, बरी आहे ना चिमटी. पूर्वी कधी विचारत नसत. थोरले दीर म्हणाले की माणसाच्या चुकीनं देवाचा बेत बदलत नाही. ते बँकेत होते, आणि हे त्यांनी व्याजदर सांगावा तशा ठामपणे सांगितलं.

सासूबाई एकदाच बोलल्या. ती बाळाच्या बाटल्या उकळत होती, आणि शेजारी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "वाईट काय म्हणाले ते? देवाच्या हाती दिली म्हणाले. तू कुठं ठेवणार होतीस?"

तिला ती स्वतःच्या हाती ठेवायची होती, एवढंच. हे उत्तर त्या घरात मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं.

ती डोळ्यांत तेल घालून लेकीवर लक्ष ठेवू लागली. आधी ठेवत होतीच. आता दुसरं काही करेनाशी झाली. खिडकीपाशी उजेडात नेऊन ओठांचा रंग बघायची. झोपलेल्या चिमटीच्या नाकाशी बोट धरून बसायची. दूध पिताना चिमटी दम घ्यायला थांबली की ती तिचे श्वास मोजायची. मनातून तिला समजत होतं की शब्दांनी हृदयाला भोक पडत नाही आणि बुजतही नाही. पण मग त्या सकाळी ती हात धुऊन, टॉवेल घेऊन, स्टुलावर कशासाठी बसली होती? चांगले शब्द लागतील आणि वाईट लागणार नाहीत, असा हिशेब तिला स्वतःलाच पटेना.

शेवटी ती नव्या पाळकांना भेटायला गेली. नवे म्हणजे आता तसे जुनेच, पण पाळकबाबा हयात असेतो ते नवेच राहणार होते. चर्चच्या मागच्या खोलीत ते खुर्च्यांच्या पायांना रबरी टोपणं बसवत होते. उपासनेत खुर्च्या फार कर्रकर्र करतात म्हणून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, आशीर्वाद माणसाचा नसतो, तो नुसता वाहतो माणसातून. नळ गंजला तर पाणी तांबूस येतं, पण म्हणून वरची टाकी नासली असं नाही. हे त्यांनी आधी कुठल्या तरी प्रवचनात वापरलेलं असावं, इतकं ते गुळगुळीत झालं होतं. मग त्यांनी विचारलं की मी देऊ का बाळाला आशीर्वाद, आत्ता लगेच. तिनं बाळ पुढे केलं. त्यांनी चांगली प्रार्थना केली, आरोग्य मागितलं, आईबापांसाठी बळ मागितलं, आणि मध्ये त्यांना शिंक आली तेव्हा तोंड कोपरात लपवलं. तिनं त्यांचे मनापासून आभार मानले. पण घरी येताना पिशवीत काही जड झाल्यासारखं वाटलं नाही. माणूस भला होता. हात तो नव्हता.

म्हणून मग तिनं रीत मोडायची ठरवलं. कोणाला न सांगता. सकाळी दाढी झाली, सासूबाई बाजारात गेल्या, नवरा दुकानात गेला, की ती लेकीला घेऊन सासऱ्यांच्या खुर्चीपाशी येऊन बसायची. खुर्ची घरातल्या बोळात असायची, हात धुण्याच्या बेसिनशेजारी, कारण तिथे सकाळचं ऊन येई आणि त्यांना येणारेजाणारे दिसत. ती म्हणायची, "पाळकबाबा, ही बघा कोण." ते बघत. विचारत, "कोणाचं बाळ?" ती म्हणे, आपलं. ते म्हणत, वा, छान. एवढंच. ती त्यांचा हात उचलून लेकीच्या डोक्यावर ठेवायची, तर ते तो हळूच काढून घेत, दुसऱ्याची वस्तू चुकून हातात आल्यासारखा. ती थांबायची. आणखी थोडं थांबायची. एकदा त्यांनी डोळे मिटले आणि तिनं लेकीला पुढे सरकवलं. पण ते झोपले होते. एकदा ते स्पष्ट म्हणाले, "प्रभू," आणि मग त्यांना पुढचं आठवेना. ते ओशाळून तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाच्या रिकाम्या खिशात सारखा हात घालून चाचपावं तसं ती हे करत होती.

पण थांबली नाही. संध्याकाळी सगळे त्याच बोळात खुर्च्या ओढून बसत, तेव्हा ती मुद्दाम त्यांच्या कानावर पडेल असं बोलायची. चिमटीचं हृदय, चिमटीचं छिद्र, बुजलं पाहिजे, भरून आलं पाहिजे. नवरा म्हणायचा, किती वेळा तेच. ती पुन्हा तेच बोलायची. पाळकबाबा उन्हाच्या जागेकडे बघत बसलेले असत. ऐकतायत की नाही, कळायला मार्ग नव्हता.

तपासणी जवळ आली. त्याच सुमारास बेसिनचा नळ ठिबकू लागला. आधी थेंब थेंब, मग धार. खालच्या पाइपाच्या सांध्यातूनही पाणी झिरपून बोळात ओल आली, आणि ओल म्हणजे बुरशी, आणि बुरशी म्हणजे चिमटीचा श्वास, म्हणून तिनं लगेच प्लंबरला बोलावलं. तो ओळखीचा होता, आधी दोनदा येऊन गेलेला, तिशीतला, अंगानं आडवा, बोलका. आल्याबरोबर तिनं त्याला साबण दाखवला. तो म्हणाला, "वहिनी, मी आयुष्यभर पाण्यातच हात घालतो, तरी तुम्ही मला हात धुवायला लावता," आणि निमूटपणे धुतले.

तिनं लेकीला कडेवर घेतलं. पाळकबाबांची दाढी नुकतीच झाली होती, ऊन चांगलं आलं होतं. त्यांना हलवायचं म्हणजे सगळी उलथापालथ, म्हणून प्लंबर म्हणाला, बसू द्या त्यांना, मी होतो ॲडजस्ट. तो खुर्चीच्या पायाशी गोणपाट टाकून बसला, डोकं बेसिनच्या खाली घालून पाना फिरवू लागला. बोलत होताच. वॉशर गेलाय, सांधा नीट बसवलेला नाही, आधी कोणी केलं होतं हे काम. तूच, असं तिनं सांगितलं. तो आतून म्हणाला, मग सामान खराब असणार.

तो पाना बदलायला मागे सरकला. डोकं बेसिनखालून बाहेर आलं, आणि नेमकं खुर्चीच्या हाताशी आलं. पाळकबाबांचा उजवा हात उठला आणि त्या डोक्यावर बसला.

ती दोन पावलांवर उभी होती. कडेवर चिमटी. तिला दिसलं की त्यांनी डोळे मिटलेत, आणि हे मिटणं झोपेचं नव्हे.

"प्रभू," पाळकबाबा म्हणाले. तोच आवाज. बोळ भरून गेला. "या लेकराला भरीव काळीज दे. कुठं पोकळी ठेवू नकोस. जे उघडं राहिलंय ते तू आपल्या बोटानं बुजव. याला मोठं होऊ दे, म्हातारं होऊ दे, आणि याच्या आईचं भय काढून घे."

ती पुढे झाली होती. लेकीचं डोकं पुढे करत, मोकळ्या हातानं तो हात उचलून इकडे ठेवायला. पण अशा वेळी मध्ये हात घालायचा नाही, हे त्या घरात इतकी वर्षं काढून तिच्याही अंगात भिनलं होतं. त्या घरानं तिला दुसऱ्यांदा तिथंच पकडलं. ती अर्ध्या वाटेत थांबली, आणि तेवढ्यात ते संपलं. पाळकबाबांनी हात काढला आणि डोळे उघडून उन्हाकडे बघू लागले. चेहरा पार पुसल्यासारखा.

प्लंबर हलला नव्हता. पाना हातात तसाच होता. नळातून पाणी त्याच्या बाहीवर गळत होतं, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "हे काय होतं?"

तिनं कसंबसं सांगितलं. की ते पाळक होते. की मुलांना असा आशीर्वाद देत असत, आयुष्यात एकदा, एक दान मागून. की त्यांना आता काही आठवत नाही, समोर कोण आहे ते कळत नाही. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. हे माझ्या लेकीचं होतं. मी रोज त्यांच्या कानाशी बसून एकेक शब्द आत टाकला, तो इतक्या दिवसांनी बाहेर आला आणि मध्ये तुझं डोकं आलं.

प्लंबर पाना खाली ठेवून उठला. पँटला हात पुसले, पुन्हा पुसले. मग तिच्याकडे न बघता, पाळकबाबांकडे बघत म्हणाला की त्याच्या बायकोला दिवस भरत आलेत. आधी दोनदा हाताशी येऊन गेलं. दुसरं तर जन्मलं होतं, रडलंही होतं. डॉक्टर म्हणतात यावेळी सगळं नीट आहे, पण तेव्हाही तेच म्हणाले होते. ती झोपत नाही. पोटावर हात ठेवून बसून राहते. हा इतका बोलका माणूस, पण हे सांगताना त्याला शब्द सापडत नव्हते, आणि मिळेल तो शब्द तो उचलत होता.

मग त्यानं विचारलं, "मी चर्चचा नाही. तसा कुठलाच नाही. मला लागू होतं का हो हे?"

उत्तर सोपं होतं. नाही म्हणायचं. अरे, ते भ्रमिष्ट झालेत, त्यांच्या बोलण्याला काही अर्थ नाही. खरं तर हेच ती स्वतःला त्या रविवारपासून सांगत आली होती, आणि कधी विश्वास बसला नव्हता. आता मोठ्यानं, दुसऱ्या माणसासमोर म्हटलं तर कदाचित बसेल. हे लागत नाही तर तेही लागत नाही. ती मूठ रिकामी होती. चिमटीवर कोणी काही टाकलं नाही. एक 'नाही' म्हणायचा अवकाश, आणि ती सुटली असती.

प्लंबर वाट बघत होता. त्याचा उजवा हात डोक्याशी गेला होता, केसांना न लावता जरासा वर धरलेला, तिथे काहीतरी ठेवलंय आणि ते सांडेल अशा बेतानं.

तिला त्याची बायको दिसली. ती कधी भेटली नव्हती, तरी दिसली. खिडकीपाशी, पोटावर हात ठेवून, आतल्या हालचालीची वाट बघत असलेली.

"होतं," ती म्हणाली. "लागू होतं."

"नक्की?"

"नक्की. जा घरी."

आणि हे म्हणताना तिला कळत होतं की ती त्या रविवारच्या शब्दांवरही सही करतेय. आमेन एकदा बेसावधपणे म्हटलं होतं. हे मात्र डोळे उघडे ठेवून म्हटलं.

प्लंबरनं घाईघाईनं सामान पिशवीत कोंबलं. म्हणाला, राहिलेला सांधा संध्याकाळी येऊन करतो, पैसे राहू द्या, आणि आज डोक्यावरून अंघोळ करणार नाही म्हणाला. दाराशी जाऊन परत आला, वाकून पाळकबाबांचे पाय धरावेत की हात, हे त्याला ठरवता येईना, शेवटी त्यांच्या कोटाच्या बाहीला नुसता हात लावून गेला. पाळकबाबांनी त्याला मान लवून निरोप दिला. मग तिच्याकडे वळून विचारलं की गृहस्थ कोण होते.

ती स्टुलावर बसली. लेकीला तिनं मांडीवर, त्यांच्याकडे तोंड करून ठेवलं, कारण दुसरीकडे कुठे ठेवायचं ते सुचेना.

"कोणाचं बाळ?" पाळकबाबांनी विचारलं.

तिनं नेहमीचं उत्तर दिलं नाही. पाळकबाबांनी थोडा वेळ उत्तराची वाट बघितली, मग त्यांनाच प्रश्नाचा विसर पडला, आणि उन्हात त्यांचे डोळे जड होऊ लागले. उजवा हात खुर्चीच्या हातावर उताणा पडला. आता त्यात काही नव्हतं. तिला ते दिसत होतं, तरी ती त्या तळव्याकडे बघत राहिली.

चिमटीनं हात पुढे केला आणि त्यांचं एक बोट पकडलं. हल्ली ती दिसेल ते पकडत असे. पकडलं आणि ओढलं, आणि ओढून सरळ तोंडात घातलं, हिरड्यांनी चावू लागली. ते बोट प्लंबरच्या केसांतून आलं होतं, बेसिनखालच्या जाळ्यांतून, चुन्यातून, गंजातून. धुतलेलं नव्हतं. त्यावर काय काय असेल ते तिला नावानिशी पाठ होतं.

पाळकबाबा झोपेतच होते. बोट त्यांनी काढून घेतलं नाही. चिमटी मन लावून चोखत होती, मध्ये दम घ्यायला थांबत होती, पुन्हा चोखत होती. बेसिनचा नळ आधीपेक्षा जास्त गळू लागला होता, आणि खाली ठेवायला बादली हवी होती. ओठांचा रंग बघायला तिनं लेकीवर वाकून पाहिलं, पण बोट तोंडात असल्यामुळे ओठ दिसत नव्हते.

तिनं बोट काढलं नाही.